घरच्या घरी हवामान केंद्र: किट जोडायला एक दुपार पुरते, पण त्याच्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा?

२६ जुलै २००५. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्याच मुंबईत, त्याच २४ तासांत, कुलाब्याच्या वेधशाळेतली नोंद होती ७३ मिलिमीटर.

म्हणजे 'मुंबईत आज किती पाऊस झाला?' या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तरच नव्हतं. मधल्या भागात नेमकं काय घडतंय हे सांगायला पुरेशी यंत्रंही नव्हती. त्या पुरानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, त्यातले बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवर.

आता तुमच्या मोबाइलमधलं ॲप बघा. त्यात जे ३४ अंश दिसतंय ते तुमच्या गल्लीत कुणी मोजलेलं नसतं. बहुतेक वेळा तो संगणकाच्या मॉडेलने काढलेला आकडा असतो आणि मॉडेलचा एकेक चौकोन काही किलोमीटरचा असतो. त्या चौकोनात तुमची गच्ची, शेजारचं तळं आणि पलीकडचा डोंगर सगळं एकच.

म्हणूनच स्वतःचं हवामान केंद्र बसवायचा छंद वाढतोय. किट ऑनलाइन मिळतात, जोडायला अवघड नाहीत, इंटरनेटवर तयार प्रोग्रामही मिळतात. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. किटच्या खोक्यावरच्या फोटोत सगळी यंत्रं एकाच खांबावर ऐटीत बसलेली दिसतात. सगळा घोळ त्या फोटोपासून सुरू होतो. तो का, ते पुढे बघू. आधी खोकं उघडूया.

खोक्यात असतं काय?

एक मेंदू, एक छोटा सेन्सर आणि तीन हलणारी यंत्रं.

मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. पूर्वी लोक अर्डुइनो उनो वापरायचे, आता बहुतेक जण ईएसपी३२ घेतात. चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि वायफाय त्यातच असतं. प्रोग्राम अर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहून यूएसबी केबलने चढवता येतो.

छोटा सेन्सर बहुधा बॉश कंपनीचा बीएमई२८० असतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या चौकोनी डबीत तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब या तिन्ही गोष्टी तो मोजतो. इथे बाजारातली एक गंमत माहीत असू द्या. याच कुटुंबातला बीएमपी२८० दिसायला जवळजवळ तसाच असतो, स्वस्त असतो, पण त्याला आर्द्रता कळत नाही. बीएमई म्हणून बीएमपी गळ्यात मारणारे विक्रेते कमी नाहीत. ओळखायचं कसं? सेन्सरला त्याचा ओळख क्रमांक विचारायचा. प्रोग्रामच्या भाषेत, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये, ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. सेन्सर मुळात सापडतच नसेल तर पत्ता तपासा, तो ७६ किंवा ७७ यांपैकी एक असतो. निम्म्या नवशिक्यांची पहिली संध्याकाळ या दोन आकड्यांत जाते.

उरलेली तीन यंत्रं म्हणजे वाऱ्यावर गरगरणाऱ्या तीन वाट्या, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि पर्जन्यमापक. ऐकून आश्चर्य वाटेल, पण या तिघांत इलेक्ट्रॉनिक असं जवळपास काहीच नसतं. आत चुंबक आणि रीड स्विच. चुंबक जवळून गेला की स्विच क्षणभर मिटतो. बस्स.

पाऊस मोजणारा सी-सॉ

यातला सगळ्यात देखणा भाग पर्जन्यमापकाचा. वर गाळणं, खाली बागेतल्या सी-सॉसारखी दोन खणांची छोटी डोलकाठी. गाळण्यातून पाणी एका खणात पडतं. तो भरला की वजनाने खाली झुकतो, पाणी सांडतो आणि दुसरा खण गाळण्याखाली येतो. प्रत्येक झुकण्याला चुंबक स्विचसमोरून जातो आणि बोर्डला एक टिचकी मिळते. ही कल्पना १७व्या शतकातली आहे आणि तिचं श्रेय ख्रिस्तोफर रेन यांना दिलं जातं. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारे तेच ते रेन.

हौशी किटमध्ये सर्रास दिसणाऱ्या मापकाची एक टिचकी म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर पाऊस. हा विचित्र आकडा ०.०११ इंचावरून आलाय. प्रोग्रामने फक्त टिचक्या मोजायच्या आणि गुणाकार करायचा.

पण हा ०.२७९४ खरा की खोटा? घरीच तपासता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे सूत्र लक्षात ठेवा. गाळण्याच्या तोंडाची लांबी-रुंदी मोजा. समजा क्षेत्रफळ ५५ चौरस सेंटिमीटर निघालं. त्यात १०० मिलिलिटर पाणी ओतणं म्हणजे साधारण १८.२ मिलिमीटर पाऊस पाडणं. त्याला ०.२७९४ ने भागलं की ६५ टिचक्या. तुमच्याकडे ६० किंवा ७० भरल्या तर गुणाकाराचा आकडा त्या प्रमाणात बदलायचा.

अट एकच, पाणी हळू सोडायचं. भसकन ओतलं तर डोलकाठी झुकत असतानाचं पाणी मोजणीबाहेर जातं आणि टिचक्या कमी भरतात. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा सेट या कामाला फर्मास. चाकी फिरवून थेंबांचा वेग लावा आणि खुशाल चहा घ्या. हाच दोष खऱ्या मुसळधार पावसातही असतो, म्हणजे घाटातल्या धो-धो सरीत हे यंत्र थोडं कमीच सांगतं.

प्रोग्राममध्ये लोक चुकतात ते इथे

टिचकी मोजायला बोर्डने सतत स्विचकडे टक लावून बसायची गरज नाही. 'इंटरप्ट' नावाची सोय असते. म्हणजे काम चालू असताना दाराची बेल वाजली की उठायचं, पाटीवर एक रेघ मारायची आणि परत कामाला लागायचं. त्या क्षणी एवढंच करायचं, गणना एकने वाढवायची. हिशेब, वायफाय, छपाई सगळं नंतर.

अडचण अशी की स्विच एकदा मिटतो तेव्हा तो खरं तर थरथरतो. काही हजारांश सेकंदांत दोन-चार वेळा उघडतो-मिटतो आणि बोर्डला एका टिचकीच्या चार दिसतात. म्हणून एक टिचकी मोजल्यावर थोडा वेळ कान बंद ठेवायचे. या उपायाला 'डीबाउन्स' म्हणतात.

किती वेळ? इथे जरा गणित करू. ताशी ३०० मिलिमीटर इतका भयानक पाऊस कोसळला तरी तासाला सुमारे १०७४ टिचक्या, म्हणजे दर सव्वातीन सेकंदांना एक. तेव्हा पर्जन्यमापकासाठी ३०० मिलिसेकंद कान बंद ठेवले तरी काही बुडत नाही.

हाच नियम वाऱ्याच्या वाट्यांना लावला तर? त्या प्रकारच्या किटमध्ये सेकंदाला एक टिचकी म्हणजे ताशी २.४ किलोमीटर वारा. ३०० मिलिसेकंद कान बंद म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन टिचक्या ऐकू येणार. तुमच्या केंद्रावर वारा कधीच ताशी ८ किलोमीटरच्या वर जाणार नाही, बाहेर चक्रीवादळ का असेना! ताशी १०० किलोमीटरला दोन टिचक्यांमध्ये फक्त २४ मिलिसेकंद असतात. म्हणून वाऱ्यासाठी पाच-दहा मिलिसेकंद, पावसासाठी काहीशे. इंटरनेटवरून उचललेल्या प्रोग्राममध्ये दोन्हीकडे एकच आकडा दिसला तर सावध व्हा.

उलट प्रकारही होतो. आभाळ निरभ्र आणि नोंदवहीत दोन मिलिमीटर पाऊस. सोसायटीच्या पाण्याचा पंप सुरू झाला की लांब वायरमध्ये विजेचा झटका येतो आणि बोर्ड त्यालाच टिचकी समजतो. चार-पाच किलोओहमचा रेझिस्टर बाहेरून लावला आणि ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर जोडला की हा भुताटकी पाऊस बहुधा थांबतो.

दिशेच्या बाणात आठ स्विच आणि आठ वेगवेगळे रेझिस्टर असतात. कधी एक स्विच मिटतो, कधी शेजारचे दोन, त्यामुळे सोळा दिशा ओळखता येतात. बोर्ड फक्त व्होल्टेज वाचतो. ईएसपी३२ वर ही वायर ३२ ते ३९ क्रमांकाच्या पिनांपैकीच एकीला लावा, कारण अॅनालॉग वाचणाऱ्या बाकीच्या पिना वायफाय चालू असताना कामाच्या राहत नाहीत. बाणाच्या आकड्यांची नुसती सरासरीही काढू नका. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही वारे उत्तरेचेच. पण सरासरी येते १८०, म्हणजे थेट दक्षिण. प्रत्येक दिशेचे साइन आणि कोसाइन काढून त्यांची सरासरी घ्यायची. शाळेतली त्रिकोणमिती कुठे वापरायची असं विचारणाऱ्यांनी इथे वापरावी.

आता तो एक खांब

जागतिक हवामान संघटनेचे निकष असे आहेत. वारा मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजावा. तापमान सव्वा ते दोन मीटरवर, सावलीत, खेळत्या हवेत. पर्जन्यमापक जमिनीलगत, आणि आसपासच्या भिंती-झाडांपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर.

आता खोक्यावरचा फोटो पुन्हा बघा. वाऱ्याला उंची हवी, पावसाला जमीन हवी आणि तापमानाला सावली. एका खांबावर तिघांचंही समाधान होणं शक्य नाही. खांब उंच केला तर पर्जन्यमापकावरून वारा थेंब उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो. शिवाय वाऱ्याने खांब हलला की डोलकाठी स्वतःच झुकते. एक वायर जास्त लागली तरी चालेल, पण पर्जन्यमापक वेगळा बसवा, आणि पाण्याच्या टाकीला खेटून तर नकोच.

सगळ्यात जास्त फसवतं ते तापमान. उन्हातला थर्मामीटर हवेचं तापमान सांगतच नाही, तो स्वतः किती तापलाय ते सांगतो. एप्रिलमध्ये 'आमच्या गच्चीवर ५२ अंश!' असे स्क्रीनशॉट फिरतात, त्यातले बहुतेक या जातीचे असतात. वेधशाळेत पांढरी, झडपांच्या भिंतींची पेटी दिसते ती यासाठीच. ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने तयार केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ते वडील.

घरी ही पेटी कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्यांपासून बनते. सात-आठ ताटल्या पालथ्या घालून, मध्ये दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून, लांब स्क्रूंवर ओवायच्या. सगळ्यात वरची सोडून बाकीच्यांना मधोमध भोक. सेन्सर त्या पोकळीत टांगायचा. सेन्सर आणि बोर्ड एकाच डब्यात मात्र ठेवू नका, वायफाय चालू असताना बोर्ड चांगलाच गरम होतो. हातभर वायर घालून दोघांना वेगळं ठेवा, आणि सेन्सरला मोजण्यापुरतंच जागं करून मिनिटभर झोपू द्या.

सिमेंटची गच्ची सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ उष्णता सोडत राहते. घराच्या बाजूला मातीचा तुकडा असेल तर तापमानासाठी तो गच्चीपेक्षा चांगला.

आकडे खरे आहेत का, हे तपासायचं कसं?

तापमानासाठी जवळच्या सरकारी वेधशाळेशी तुलना करा. पुण्यात असाल तर शिवाजीनगर, म्हणजे ज्या परिसराला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात तो. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव. तुमचा आकडा पहाटे सहाला जुळतोय आणि दुपारी दोनला पाच अंशांनी जास्त येतोय? मग सेन्सर बदलायला धावू नका. पहिला संशय ताटल्यांच्या पेटीवर घ्या.

आर्द्रतेची परीक्षा स्वयंपाकघरात होते. हवाबंद डब्यात वाटीभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. सेन्सर मिठाला न टेकता आत ठेवून डबा रात्रभर बंद करा. आतल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, तो मिठाचा गुणधर्मच आहे. सेन्सर ८१ दाखवत असेल तर प्रोग्राममध्ये सहा वजा करा.

पावसाची तुलना करताना घड्याळ सांभाळा. हवामान खात्याचा 'दिवस' मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. तुमचा प्रोग्राम बारा वाजता पाटी कोरी करत असेल तर वर्तमानपत्रातल्या आकड्याशी तो कधीच जुळणार नाही. योगायोग सोयीचा आहे. इंटरनेटवरून बोर्डला मिळणारी जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून आपले साडेआठ म्हणजे तिचे बरोबर तीन. आणि नोंदवताना मिलिमीटरच्या बरोबरीने मूळ टिचक्याही साठवा. पुढे कधी गुणाकार सुधारला तर जुना पाऊसही सुधारता येतो.

हवेच्या दाबाचं वेगळंच. पुण्यात पहिल्यांदा सेन्सर लावणारा ९४५ हेक्टोपास्कल बघून दचकतो, कारण बातम्यांत १०१० ऐकलेलं असतं. सेन्सर बरोबरच असतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून वरची हवा तेवढी कमी. महाबळेश्वरला ८६० च्या आसपास दिसेल. प्रोग्राममध्ये आपली उंची भरली की तो समुद्रसपाटीचा दाब काढून देतो.

आठवडाभर दाबाचा आलेख काढला तर एक सुंदर गोष्ट दिसते. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढतो, दुपारी चारला उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो, पहाटे चारला पुन्हा उतरतो. रोज. सूर्याच्या उष्णतेने वातावरणात उठणारी ही भरती-ओहोटी आहे आणि आपल्या अक्षांशांवर ती दोन-तीन हेक्टोपास्कलची असते. युरोपात दाब घसरला की वादळ, असं सरळ वाचता येतं. आपल्याकडे तो रोज दुपारी घसरतोच. त्यामुळे दाब खरंच पडतोय का हे बघायला आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. 'दाब कमी झाला, पाऊस येणार' असं दर दुपारी सांगणारे तयार प्रोग्राम इथे म्हणूनच तोंडावर पडतात.

या नोंदींचं करायचं काय?

वेदर अंडरग्राउंडसारख्या संकेतस्थळावर नोंदणी केली की तुमच्या केंद्राला क्रमांक मिळतो आणि आकडे नकाशावर दिसू लागतात. मात्र घराची जागाही नकाशावर जाते, तेव्हा खूण थोडी सरकवून ठेवलेली बरी. झोमॅटोने २०२४ मध्ये 'वेदर युनियन' नावाने देशातल्या शहरांत साडेसहाशेहून जास्त केंद्रं उभारली, ती पाऊस आला की डिलिव्हरीचं गणित बिघडतं म्हणून. यावरून अंदाज येईल, गल्लीच्या हवामानाला किती किंमत आहे.

शेतकऱ्यांसाठी हा प्रश्न थेट पैशांचा आहे. महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अधिसूचित संदर्भ केंद्राच्या नोंदीवर ठरते. एका मंडळात अनेक गावं. केंद्रावर ऊन आणि पाच किलोमीटरवरच्या बागेत पाऊस, असं झालं की वाद ठरलेला. तुमच्या किटची नोंद त्या दाव्यात ग्राह्य धरली जात नाही, हे स्पष्ट असू द्या. पण फवारणी आज करायची की वारा पडायची वाट बघायची, पाणी द्यायचं की कालच्या सरीने काम झालंय, हे ठरवायला मंडळाचा आकडा पुरत नाही. तिथे बांधावरचा आकडाच लागतो, आणि मंडळाच्या केंद्रापेक्षा आपलं शेत किती वेगळं वागतं हेही दोन-तीन हंगामांच्या नोंदींतून कळतं.

शेतात लावणार असाल तर विजेचा विचार आधी करा. सोलर पॅनल आणि लिथियमचा सेल यांवर केंद्र मजेत चालतं, पण पॅनल पावसाळ्याच्या हिशेबाने घ्या, कारण जुलैत दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही. वीज वाचवायला बोर्डला गाढ झोपवलं तर टिचकी आली की जागं होण्याची सूचना प्रोग्राममध्ये द्यावी लागते. नाहीतर झोपेत पडलेला पाऊस नोंदवलाच जात नाही.

आणि मे अखेरीस एकदा गाळणं उघडून बघा. कावळ्याची विष्ठा, वाळकी पानं, डोलकाठीखाली कोळ्याचं जाळं किंवा मुंग्यांचं वारूळ, काहीही सापडतं. गाळणं तुंबलं की पाणी थेंबथेंब झिरपतं आणि पाऊस थांबल्यावरही टिचक्या येत राहतात. सर दुपारी पडलेली आणि आलेख मात्र रात्रभर रिमझिम दाखवतोय, असं दिसलं तर सकाळी पहिल्यांदा शिडी काढा.